माहेर घोळीचं

पन्हाळ्याच्या चढाला दगडांच्या फटीतून एखादं फूल डोकावताना दिसलं, की नाना गाडी थांबवायला लावत. उतरत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकत आणि त्या फुलाला खणखणीत आवाजात विचारत, "काय पावणं, गाव कुठलं?" मागून येणाऱ्या गाड्यांतले लोक काचा खाली करून बघायचे. नानांना त्याचं काही नसे. ते फूल बघत, पान बघत, आजूबाजूला आणखी काय उगवलंय ते बघत आणि मग कुठे गळ्यातल्या कॅमेऱ्याला हात घालत. ओळख झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

कोल्हापूरच्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही. आपल्याकडे एस.टी.त शेजारी बसलेल्याला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग मामाचं गाव. आणि उतरायचा थांबा येईपर्यंत तो आपल्या चुलत्याच्या मेहुण्याचा साडू निघालेला असतो. ही विद्या सगळ्यांनाच थोडीफार येते, नानांनी तिच्यावर संसार केला. मंगळवार पेठेत त्यांचं वधूवर सूचक केंद्र होतं. निम्म्या पेठेची लग्नं त्यांनी जमवली आणि उरलेल्या निम्म्या पेठेला ती का जमत नाहीत याची कारणं तोंडावर सांगितली. माणूस असो, फूल असो, पाखरू असो, सगळ्यांना ते 'पावणं' म्हणायचे, म्हणून सगळे त्यांना पावणेनाना म्हणत. गेल्या वैशाखात नाना गेले. आता पाऊस सुरू झाला की आमच्या निसर्गाच्या ग्रुपवर फुलांचे फोटो पडायला लागतात आणि मला त्यांचा आवाज ऐकू येतो.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती काही आपल्या पायांनी नव्हे. आई-वडिलांनी माझा बायोडाटा आणि मी, अशा दोन्ही वस्तू एकदमच नेऊन त्यांच्यापुढे ठेवल्या. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि लग्नाच्या बाजारात माझं वय जरा शिळंच झालं होतं. वडील माझे गुण सांगत होते आणि मी भिंत बघत होते. भिंतभर नानांनी जमवलेली जोडपी हार घालून उभी होती आणि त्यांच्या मधोमध, चांगल्या लाकडी चौकटीत, एक पिवळंधमक फूल होतं. खाली वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'सोनकी'. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हणाले, "ही सोनकी नाही. कॉसमॉस आहे. कुणाच्या तरी बागेतून पळून आलेली."

आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. नाना मात्र उठले, फोटोजवळ गेले आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. "पळून आल्याली व्हय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "मग न्हाय ठेवायची हितं," असं म्हणून त्यांनी खरंच तो फोटो खिळ्यावरून काढला आणि टेबलावर पालथा घातला. त्यांचा चेहरा एवढा का उतरला ते मला तेव्हा कळलं नाही. फुलाच्या चुकीपायी एवढं मनाला लावून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला तो एकदम आवडून गेला.

माझं लग्न काही नानांनी जमवलं नाही. स्थळं दाखवली, नाही असं नाही. पण "तू चहाच्या आधी चूक काढतीस," हे त्यांचं माझ्याबद्दलचं निदान होतं. "समोरच्याला चहा तरी पिऊन जाऊ दे की!" शेवटी आई-वडील दमले, नानाही दमले आणि आमची जोडी मात्र जमली. दर रविवारी सकाळी मी माझी छोटी गाडी घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची. काकी, म्हणजे नानांची बायको, भाकरी आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा गाडीत ठेवायच्या, आणि आम्ही कधी पन्हाळा, कधी मसाई पठार, कधी जवळच कळंब्याच्या मागचा माळ धरायचो.

कॅमेरा त्यांच्या गळ्यात धंद्यामुळेच पडला होता. स्थळांचे फोटो घासूनपुसून यायला लागले, काळीची गोरी आणि टकल्याला केस व्हायला लागले, तेव्हा नानांनी वैतागून स्वतःच कॅमेरा घेतला. मग एकदा पन्हाळ्यावर कुणाच्या तरी मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाला गेले असताना मुलाकडची मंडळी उशिरा आली, आणि वेळ जाईना म्हणून नानांनी भिंतीतल्या एका फुलाचा फोटो काढला. कुणीतरी तो आमच्या निसर्गाच्या ग्रुपवर टाकला. तिथल्या बॉटनीच्या मॅडमनी उत्तर दिलं, 'पान दिसत नाही, देठ दिसत नाही, मागची बाजू दिसत नाही. एवढ्यावर ओळख सांगता येणार नाही.' हे वाचून नाना हरखून गेले होते म्हणे. "उभ्या जन्मात आमच्या धंद्यात असं कोण बोललं न्हवतं," ते मला सांगायचे. "हितं लोक नुसत्या फोटोवर साखरपुडा उरकाय बसल्यात!"

तेव्हापासून 'नुसत्या तोंडावर सोयरीक जमत न्हाय' हे त्यांचं ब्रीद झालं. फुलाचा एक फोटो समोरून, एक बाजूनं, एक पाठमोरा. मग पान, देठ, पानाची खालची बाजू, आणि शेवटी चार पावलं मागं सरून सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट एक. "शेजार बघितल्याबिगर घर कळत न्हाय." मसाई पठारावर श्रावणात सीतेची आसवं फुलतात तेव्हा नाना चपला काढून हातात घ्यायचे आणि फुलं चुकवत उघड्या कातळावरच पाय टाकायचे. एकदा पुण्याकडची काही पोरं लांबलचक लेन्स लावून फुलांतच आडवी झाली होती. नाना त्यांच्याजवळ जाऊन अगदी मायेनं म्हणाले, "पावणं, पंगतीत ताटावर कुणी झोपतंय व्हय? उठा बघू." पोरं उठली. मग नानांनी त्यांना लाडू दिले आणि त्यातल्या कुणाकुणाचं लग्न व्हायचंय हेही विचारून घेतलं.

पाखरांशी त्यांचं फारसं पटलं नाही. "थांबत न्हाईत. चहापाण्याला बी थांबत न्हाईत," ही मुख्य तक्रार. त्यात एकदा त्यांनी शिक्रा म्हणून ग्रुपवर टाकलेला पक्षी पावशा निघाला. पावशा दिसायला हुबेहूब शिकारी शिक्र्यासारखा. पण अंडी घालतो दुसऱ्याच्या घरट्यात आणि पोरं वाढवायला लावतो दुसऱ्यालाच. हे कळल्यावर नानांनी पावशाचं नाव टाकलं. तो आमच्या डोक्यावरच्या झाडावर बसून ओरडायला लागला, की ते वर न बघता म्हणायचे, "खोट्या बायोडाट्याचा आलाय बघ." फुलपाखरं मात्र त्यांना आवडत. ती बसतात, पंख उघडतात, मिटतात, दोन्ही बाजू दाखवतात.

झाडांच्या गटालाही वनस्पतिशास्त्रात 'कूळ' म्हणतात, हे मी सांगितलं त्या दिवशी तर नानांना आभाळ ठेंगणं झालं. "म्हंजी माझाच धंदा हाय की ह्यो!" मग रोज नवीन भाऊबंदकी शोधायचा नाद लागला. ऊस गवताच्या कुळातला हे ऐकून ते म्हणाले, "मग आपला सगळा जिल्हा गवतावरच मोठा झालाय म्हण की." एका रविवारी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, काकी भाकरी थापत होत्या आणि मी सांगत होते की मिरची, वांगं, टोमॅटो आणि विषारी धोतरा हे सगळे एकाच कुळातले. नाना मान हलवत म्हणाले, "असायचंच. चांगल्या घरात एखादा धोतरा निघतोच."

काकींचा हात परातीत थांबला. त्या वर न बघता म्हणाल्या, "धोतरा महादेवाला चालतोय. माणसास्नी चालत न्हाय." नाना उठून बाहेर गेले. मग काकींनीच हळू आवाजात सांगितलं, आणि त्या पालथ्या घातलेल्या फोटोचा अर्थ मला लागला.

नानांची एकुलती एक मुलगी ज्योती. कॉलेजात बरोबर शिकलेल्या मुलाशी तिनं लग्न केलं, तेही रजिस्टर पद्धतीनं, घरात न सांगता. मुलगा शिक्षक, गडहिंग्लजचा, घरात आई कानडी बोलणारी आणि जात वेगळी. कुणाच्याही घरात असा प्रकार झाला की पेठ चार दिवस बोलते आणि पाचव्या दिवशी विसरते. पण हे घडलं होतं सोयरिकी जमवणाऱ्याच्या घरात. "ज्याच्या पोरीनं सवताचं सवता ठरवलं, त्येच्या दारात लोक पोरी घिऊन येतील व्हय?" असं नाना तेव्हा म्हणाले होते. लोक यायचे थांबले नाहीत, धंदा पहिल्यासारखाच चालला. ज्योतीचा फोटो मात्र भिंतीवरून उतरला आणि नानांनी तिच्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच. तिला मुलगी झाली, ती चालायला लागली, बोलायला लागली. नानांनी नातीचं तोंड बघितलं नव्हतं. काकी दुपारी कुणी नसताना फोनवर बोलायच्या आणि नानांच्या चपलांचा आवाज आला की फोन पिठाच्या डब्यामागे ठेवायच्या. या बाईच्या डोळ्यांसमोर तिची नात फोनवरच मोठी होतेय, हे मला दर रविवारी लाडवांचा डबा घेताना आठवायचं आणि मग त्या दिवसभर नानांच्या विनोदांना हसणं मला जड जायचं.

गणपती उठल्यावरचे ते दिवस. कळंब्याच्या माळावर ऊन पडलं होतं, गवतात फुलपाखरं उडत होती. नाना पुढे होते. एकदम त्यांनी मला हात करून बोलावलं, तेही चोर पकडल्यासारखं. बघते तर एका वाळक्या काडीवर फुलपाखरांची जोडी बसलेली, शेपटीला शेपटी जोडून. एक नारिंगी, पंखांच्या टोकांशी काळंपांढरं. आपलं नेहमीचं बिबळ्या कडवा फुलपाखरू वाटावं असं. दुसरं काळंभोर आणि त्याच्या पंखांवर पांढरेशुभ्र चांद, कडेला निळी झाक.

"ही कडव्याच्या घरातली," नाना कुजबुजले. "रुईवर वाढल्याली. तिला मी वळकतो. पण ह्यो काळा कोण? ह्येचा हितं काय संबंध?" चेहऱ्यावर असा संताप, की जणू त्या नारिंगी पोरीचे वडील आत्ता गवतातून उठून त्यांना जाब विचारणार होते. त्यांनी समोरून, बाजूनं, पाठमोरे फोटो काढले आणि तिथेच उभं राहून ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'आंतरजातीय विवाह. स्थळ कळंब्याचा माळ. दोन्हीकडची मंडळी गैरहजर.'

ग्रुपवर हास्याचा पूर आला. नानांना मात्र त्यात हसण्यासारखं काहीच वाटलं नव्हतं, ते मी जवळून बघत होते. थोड्या वेळानं मॅडमचं उत्तर आलं. 'नाना, दोघं एकाच घरचे आहेत. छोटा चांदवा. नर काळा असतो आणि मादी कडव्याचं रूप घेते. रुईचा चीक खाल्ल्यामुळे कडवा कडू असतो, पक्षी त्याला खात नाहीत. त्याच्यासारखं दिसलं की हिचाही जीव वाचतो. मागच्या पंखावरचे ठिपके बघा. कडव्याला मधोमध तीन-चार असतात, हिला वरच्या कडेशी एकच.'

नानांनी फोटो मोठा करून बघितला. एकच ठिपका होता. तरी त्यांचा विश्वास बसेना. "मॅडम म्हणत्यात म्हणून न्हाय मानायचं. हिचं माहेर कुठलं ते बघू." फुलपाखराचं माहेर म्हणजे त्याची मादी अंडी घालते ती वनस्पती, हा नानांचा हिशेब. कडव्याचं माहेर रुई हे त्यांना पाठ होतं. मग ते सकाळ-संध्याकाळ माळावर जायला लागले, माझ्याशिवाय, रिक्षा करून. काकी म्हणाल्या, "ह्यांस्नी आता फुलपाखराची बी चौकीदारी लागलीया." आणि एका संध्याकाळी त्यांनी मला फोटो पाठवला. नांगरटीच्या कडेला जमिनीसरशी पसरलेली घोळ, आपण जिची ताकातली भाजी करतो ती. तिच्या मांसल पानाला लागून ती नारिंगी मादी पोट वाकवून बसलेली आणि पानावर बारीकसं अंडं. खाली एकच ओळ होती, 'माहेर घोळीचं हाय.'

मी धावत त्यांच्या घरी गेले. नाना कॉम्प्युटरपुढे बसून जुने फोटो काढत होते. 'कडवा' म्हणून ठेवलेल्या फोटोंतले कितीतरी मुळात कडव्याचे नव्हतेच. एकेक फोटो मोठा करायचे, ठिपके मोजायचे आणि म्हणायचे, "ही बी चुकीच्या घरात घातलीया मी." मला वाटलं, हीच वेळ. लोखंड तापलंय, घाव घालावा. म्हणाले, "नाना, आपण रंगावरून ठरवतो, पण आतून—"

"गप," नाना म्हणाले. माझ्याकडे वळून, तर्जनी उगारून. "फुलपाखराचं माणसाला लावू नगंस. हितं दोगं एकाच घरचं निघालं. आमचं न्हाय निघालं. एकाच घरचं निघालं असतं तर मी कशाला भांडलो असतो? काय बी शिकवतीस व्हय मला?"

त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. स्वयंपाकघराच्या दारात काकी उभ्या होत्या, त्या तशाच आत गेल्या. मी चहा न घेता उठले. पुढचे रविवार मी त्यांच्या दारात गाडी नेली नाही. एकटीच दाजीपूरला गेले आणि तिथे काय बघितलं ते मला धड आठवतही नाही.

मग एके दिवशी दुपारी नाना ग्रंथालयात आले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी आले नव्हते. टोपी हातात, कॅमेरा गळ्यात नाही. पुस्तक देण्याघेण्याच्या टेबलापाशी रांगेत उभे राहिले, आणि त्यांची पाळी आल्यावर, जणू पुस्तकच मागायला आलेत अशा आवाजात म्हणाले, "ठिपके मोजलंच न्हवतं मी."

"कडव्याचे?" मी विचारलं.

"त्येचं बी न्हाय, आनि ज्योतीच्या घरचं बी न्हाय." मागच्या रांगेतली पोरं ऐकत होती, नानांना त्याचं भान नव्हतं. "जात दुसरी हाय ती हायच. त्येला मी काय करू? पण सगळ्या पेठंच्या पोरींच्या सासरची मी चौकशी केली. वाण्याला इचारलं, न्हाव्याला इचारलं, शेजाऱ्याला इचारलं. पोरगं पितंय का, सासू कशी हाय, घरात पाणी येतंय का. आनि माझ्या पोरीच्या घराची चौकशी कुणी केली? कुणीच न्हाय. बाप असून." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "रविवारी गाडी मोकळी हाय न्हवं?"

रविवारी काकी गाडीत मागे बसल्या. कुठे जायचंय हे त्यांना नानांनी सांगितलं नव्हतं. निपाणी मागे पडली, तवंदीचा घाट सुरू झाला तेव्हा त्या पुढे वाकून मला हळूच विचारायला लागल्या, "कुठं चाललोय गं?" मी आरशातून नुसतं बघितलं. घाटात रस्त्याच्या कडेला फुलं होती. नानांनी गाडी थांबवायला सांगितलं नाही. थोड्या वेळानं ते समोर बघतच म्हणाले, "तुझ्या हातातली पिशवी दाव बघू."

काकींनी कापडी पिशवी मांडीवर उलटी केली, पण उशीर झाला होता. "दर पुनवंला तू दत्ताला वाडीला जातीस," नाना म्हणाले. "येताना कवठाची बर्फी आणतीस. ती वाडीची, ते बरोबर हाय. पण पिशवीवर गडहिंग्लजच्या कापडदुकानाचं नाव हाय. दत्तमहाराजांनी कापडाचं दुकान कवा काढलं?" काकींना हसावं की रडावं कळेना. ज्योती लेकीला घेऊन गडहिंग्लजहून नृसिंहवाडीला यायची आणि मायलेकी तिथे भेटायच्या, हे नानांना पहिल्यापासून ठाऊक होतं. "अवं, मग बोलला का न्हाईसा कवा?" काकी म्हणाल्या. नाना म्हणाले, "बोललो असतो तर जायला बंदी घालाय लागली असती." त्यांच्या घरातल्या अबोल्याची ही बाजू मला माहीत नव्हती. मला माझ्या रागाची जराशी लाज वाटली आणि नानांचा थोडा आणखी रागही आला.

गडहिंग्लजला पोचल्यावर नानांनी गाडी सरळ घरी नेऊ दिली नाही. काकींना गाडीत बसवून आम्ही दोघं गल्लीच्या तोंडाच्या चहाच्या टपरीवर गेलो. चौकशीची रीत ती रीत. चहा सांगितला, गावातल्या उसाचं विचारलं, पावसाचं विचारलं, आणि मग सहज आठवल्यासारखं करून जावयाचं नाव घेऊन विचारलं, "ह्या मास्तरांच्या घरची माणसं कशी हाईत?"

टपरीवाला ग्लास विसळत होता, त्यानं हनुवटीनंच गल्लीतलं घर दाखवलं. "मास्तर देवमाणूस. म्हातारी तोंडानं फटकळ हाय, पर मनात काय न्हाय. आनि सून तर लाखात एक. कोल्हापूरची हाय. सासूचं गुडघं धरलं तवा सवता गाडीवर घालून दवाखान्याला न्यायची." त्यानं ग्लास उपडा ठेवला. "माहेरचं मातर कोण फिरकत न्हाय तिच्याकडं. बाप नसंल बिचारीला."

नानांचा चहा तसाच राहिला. चौकशीत पुढचा प्रश्न विचारायचा असतो, आणखी एकाला गाठायचं असतं. नानांनी कुणालाच काही विचारलं नाही. ते चालायला लागले, गाडीकडे नाही, सरळ गल्लीत. मी काकींना उतरवलं आणि आम्ही दोघी त्यांच्या मागून जवळजवळ पळत निघालो.

दार उघडंच होतं. उंबऱ्याजवळ लाकडी खुर्चीवर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. तिनं नानांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "यारु बेकु? कोण पायजे?" आणि लगेच पुढे, "पावणं कुठलं म्हणायचं तुम्ही?"

या एका प्रश्नावर नानांनी उभा जन्म काढला होता. त्यांचं उत्तर मला पाठ होतं. मूळ गाव, आडनाव, आजोळ, सगळं ते एका दमात सांगत. त्या दिवशी त्यातलं काहीच त्यांच्या तोंडातून आलं नाही. चौकटीला हात धरून ते म्हणाले, "ज्योतीचा बाप. हाय तिला बाप."

म्हातारीच्या हातातला लसूण तिथेच राहिला. आतून कुणीतरी विचारलं, "कोण आलंय, अव्वा?" आणि पिठाचे हात तसेच धरून ज्योती बाहेर आली. मी तिला कधी बघितलं नव्हतं, पण ओळखायला काही लागलं नाही. ती नानांसारखीच मान जराशी पुढं काढून बघत होती. तिच्या मागे पदराला धरून एक चिमुरडी. ज्योतीच आधी म्हणाली, "फोन तरी करायचासा की, नाना. घरात भाजी बी न्हाय."

"चौकशीला येताना कळवून येत न्हाईत, पोरी," नाना म्हणाले.

"लई उशीर केलासा चौकशीला."

"व्हय," नाना म्हणाले. "केला."

मग काकी पुढे झाल्या आणि त्यानंतर सगळ्यांचं मिळून जे व्हायचं ते झालं. म्हातारी कानडीतून रागावत होती की हसत होती कोण जाणे, पण तिनं सगळ्यांना आत ओढलं. मला जेवायला घातलं. जावई बाजारातून आले, ते दारातच गोंधळून उभे राहिले, आणि नानांनी उठून त्यांना बसायला स्वतःची जागा दिली. उन्हं उतरायला लागली तेव्हा मी म्हणाले, निघायला हवं, घाट आहे. नाना माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आले. त्यांच्या कडेवर नात होती आणि ती त्यांच्या टोपीशी खेळत होती. मी मागचं दार उघडलं, काकी येतायत का म्हणून वळून बघितलं.

"तू जा म्होरं," नाना म्हणाले. "आमाला पोरीनं ठेवून घेतलंय."

मी मागचं दार परत लावलं. मी गाडी सुरू केली. तवंदीचा घाट येईपर्यंत कसंबसं आवरलं, घाटात मात्र गाडी कडेला घ्यावी लागली.